सोनेट, नेक्सॉन की थ्रीएक्सओ? चोपड्याच्या साडूंसाठी केलेला हिशोब

चोपड्याच्या साडूंनी गाडी घ्यायचं ठरवलं आणि मला सोबत म्हणून जळगावच्या शोरूममध्ये नेलं. लाल किया सोनेटभोवती दोन फेऱ्या मारल्या, पुढच्या जाळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मस्त शे भो!" दिसायला मस्तच आहे, वाद नाही. चार मीटरच्या आतल्या गाड्यांमध्ये इतकी नीटस दुसरी मला तरी दिसत नाही. पण मी म्हटलं, साडूभाऊ, आधी तुमचा आठवडा कसा जातो ते सांगा.

आठवडा असा: शेत ते चोपडा रोज सहा-सात किलोमीटर. जळगावला दोनदा, कधी केळीच्या पैशासाठी, कधी बँकेत. महिन्यातून एकदा धुळ्याला सासुरवाडी, दिवाळीत पुणे. घरात दोघं नवरा-बायको, दोन मुलं आणि आई. म्हणजे महिन्याला साधारण १,५०० किलोमीटर आणि मागच्या सीटवर कायम तिघं.

डिझेल घ्यावं का, हा प्रश्न गाडीच्या नावाआधीचा. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा डिझेलला लाखभर जास्त जातात असं धरा. हिशोबापुरतं पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला १३ किलोमीटर, डिझेल ९० रुपये आणि लिटरला १८. पेट्रोलला किलोमीटरमागे ८ रुपये, डिझेलला ५. वाचले ३. साडूंच्या १,५०० किलोमीटरवर तो लाख दोन वर्षांच्या आत वसूल. हेच कुणी भुसावळात राहून महिन्याला ५०० किलोमीटर फिरवत असेल, तर साडेपाच वर्षं लागतील. त्याने डिझेलच्या नादी लागू नये.

पैशापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ नावाची काजळी अडवणारी चाळणी बसली. ती भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळते, पण त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो. वीसेक मिनिटं साठ-सत्तरच्या वेगाने सलग गाडी पळाली की काम होतं. जळगावचं गोलाणी मार्केट ते घर, घर ते शाळा, एवढ्यावर ते होत नाही. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जाळणीत थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. माझ्या आधीच्या गाडीत (नाव सोडा) या चाळणीचा दिवा पेटला तेव्हा मी आठवडाभर त्याच्याकडे काणाडोळा केला. मग गाडीनेच जोर सोडला आणि वर्कशॉपात जाऊन पैसे मोजावे लागले. साडूंचं तसं होणार नाही, कारण जळगावची आठवड्याची दोन चक्करं ती चाळणी साफ ठेवतील. या एका गोष्टीसाठी तरी त्यांना डिझेल शोभतं.

मारुतीने २०२० मध्येच डिझेल बंद केलं, त्यामुळे ब्रेझाचा विषय नाही. ह्युंदाईच्या व्हेन्यूला सोनेटचंच इंजिन, म्हणून तिला वेगळं धरत नाही. उरल्या तीन: सोनेट, टाटाची नेक्सॉन आणि महिंद्राची एक्सयूव्ही थ्रीएक्सओ. तिन्हींचं इंजिन दीड लिटरचं, ताकद ११५ ते ११७ पीएसच्या घरात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी आणि सेस मिळून ३१ टक्क्यांऐवजी १८ टक्के झाला, तोही तिघींना सारखाच. कागदावर भांडण्यासारखं फारसं काही नाही.

फरक पडतो ओढीत, म्हणजे टॉर्कमध्ये. सोनेटला २५० न्यूटन मीटर, नेक्सॉनला २६०, थ्रीएक्सओला ३००. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पाच माणसं, डिकी भरलेली आणि एसी चालू असताना हे ५० जास्तीचे पायाखाली जाणवतात. गिअर कमी वेळा पाडावा लागतो. मात्र ऑटोमॅटिक हवी असेल तर चित्र फिरतं. सोनेटच्या डिझेलला टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा खराखुरा ऑटोमॅटिक मिळतो. नेक्सॉन आणि थ्रीएक्सओच्या डिझेलला एएमटी आहे, म्हणजे गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. घाटात ट्रकच्या मागून बाहेर निघायच्या नेमक्या क्षणी ती थबकते. ज्याला ऑटोमॅटिकच पाहिजे आणि गाडी बहुतेक एकट्याने चालवायची आहे, त्याने माझं पुढचं वाचू नये, सरळ सोनेट घ्यावी.

साडूंना ते नको होतं. ट्रॅक्टरवर वाढलेला माणूस, क्लच दाबल्याशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटत नाही म्हणतो.

आता मागची सीट. सोनेट आणि नेक्सॉनचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) अडीच मीटरचा, थ्रीएक्सओचा २,६०० मिलिमीटर. दहा सेंटिमीटर म्हणजे काय हे गुडघ्यांना विचारा. रुंदीतही थ्रीएक्सओ पुढे. सोनेटच्या मागे दोघं ठीक, तिसऱ्याने अंग चोरून बसावं. डिकीत मात्र सोनेट आणि नेक्सॉन सरस. भरिताची वांगी आणि कळण्याचं पीठ पुण्याला नेणाऱ्यांनी तेही बघावं.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, तिथे काळं इंटिरिअर आणि काचेचं छत कुणाच्या सल्ल्याने घेतात कळत नाही. थ्रीएक्सओच्या वरच्या मॉडेलला मोठं पॅनोरमिक छत आहे. शोरूममध्ये मुलं त्यावर फिदा होतात, मग वर्षभर पडदा लावलेला असतो. त्यापेक्षा सोनेट आणि नेक्सॉनच्या वरच्या मॉडेलमध्ये पुढच्या सीटला हवा येते, ती खरी कामाची. पण ती फक्त पुढच्यांना. रंग पांढरा घ्या, बाकी चर्चा नको.

शिवरस्त्यावर नेक्सॉन दोघींपेक्षा शहाणी वाटली. जमिनीपासून २०८ मिलिमीटर उंची आणि खड्डा गिळण्याची सवय. सोनेट थोडी कडक. थ्रीएक्सओच्या वरच्या मॉडेलला १७ इंची चाकं, टायरची भिंत पातळ, काळ्या मातीत वाळलेल्या चाकोऱ्यांवर ती खडखडते. मधलं मॉडेल आणि १६ इंची चाकं घेतली की बरं. धडकेच्या चाचणीत नेक्सॉन आणि थ्रीएक्सओ दोघींना भारत एनकॅपचे पाच तारे आहेत. सोनेटला खालच्या मॉडेलपासून सहा एअरबॅग.

दुरुस्तीचं एकच सांगतो. शोरूम किती चकचकीत आहे ते बघू नका, मागे जाऊन वर्कशॉप बघा आणि डिझेलचं काम कोण करतो ते विचारा. बोलेरो आणि ट्रॅक्टरमुळे महिंद्राचा माणूस तालुक्याला सापडतो, हा फायदा किमतीच्या पत्रकात लिहिलेला नसतो.

माझं मत थ्रीएक्सओच्या मधल्या मॅन्युअल मॉडेलकडे झुकलं होतं, नेक्सॉन अगदी जवळ. साडूंचं मन अजून त्या लाल सोनेटमध्येच. शेवटी ठरलं की सोनेट आणि थ्रीएक्सओ दोन्ही भर दुपारी घरी मागवायच्या आणि मागे आईला मध्ये बसवून चोपड्याबाहेर चक्कर मारायची. सोनेटमधून उतरताना मावशींनी, म्हणजे साडूंच्या आईने, गुडघा चोळला. थ्रीएक्सओमधून उतरल्या आणि विचारलं, "हिच्यात पांढरी मिळते का रे?"