बोका आणि कुत्री, दोघांसाठी लघवी तपासणीच्या पट्ट्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा बोका गोट्या मधुमेही आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतो. डॉक्टरांनी सुचवलं म्हणून औषधाच्या दुकानातून माणसांसाठीच मिळते ती दहा चौकोनांच्या पट्ट्यांची बाटली आणली. गेल्या पावसाळ्यापासून ती गोट्यासाठी आणि आमच्या म्हाताऱ्या राणी कुत्रीसाठी वापरतेय. दहातले दोन चौकोन गोट्यासाठी अमूल्य आहेत, दोन-तीन राणीसाठी कामाचे. उरलेल्यांकडे मी बघत नाही.

ते दोन म्हणजे ग्लुकोज (साखर) आणि कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ). कुत्र्याच्या रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरते. मांजरात ही मर्यादा बरीच वर, २५०च्या पुढे असते. त्यामुळे गोट्याचा चौकोन रंगला, तर मागच्या काही तासांत साखर चांगलीच चढली होती असं समजायचं. पण या रंगावरून इन्सुलिनचा डोस घरच्या घरी वाढवायचा नाही, यावर आमचे डॉक्टर फार कडक आहेत आणि ते बरोबरच आहे. सलग बरेच दिवस ग्लुकोज निरंक आलं तरी त्यांना कळवायचं, कारण डोस जास्त होत असेल किंवा मधुमेह ओसरत असेल. मांजरांमध्ये तसं होतं. कीटोन दिसलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. पट्टीला सगळी कीटोन कळत नाहीत, म्हणून बोका मलूल असेल, खात नसेल, तर निरंक पट्टीवर विसंबायचं नाही.

राणीला पूर्वी स्ट्रुवाइटचा (लघवीतल्या क्षारांपासून बनणारा) खडा झाला होता. तिच्यासाठी पीएच (लघवी किती आम्ल वा अल्कली आहे ते) आणि रक्ताचा चौकोन बघते. प्रथिनांचा चौकोन फसवा आहे: लघवी दाट असेल तर निरोगी कुत्र्यातही थोडा रंग येतो. वारंवार दिसलं, तर प्रयोगशाळेत प्रथिने आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर काढून घ्यावं.

पांढऱ्या पेशींचा चौकोन मांजरात विनाकारण रंगतो, कुत्र्यात संसर्ग असूनही कोरा राहू शकतो. जंतुसंसर्ग सुचवणाऱ्या नायट्राइटच्या चौकोनावरही दोघांत भरवसा नाही. विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे लघवी किती दाट आहे ते सांगणारा चौकोन तर सोडूनच द्या. त्यासाठी दवाखान्यातला रिफ्रॅक्टोमीटर (हा दाटपणा मोजणारं उपकरण) हवा. एवढी मोठी उणीव बाटलीवर कुठेच लिहिलेली नाही, कारण पट्टी बनलीच आहे माणसासाठी.

नमुना मिळवणं हे खरं काम. राणीसाठी काठीला बांधलेली जुनी पळी, सकाळची पहिली शू, मधली धार. गोट्याच्या ट्रेमध्ये नेहमीच्या मातीऐवजी मत्स्यटाकीतले धुतलेले बारीक खडे घालते आणि सिरिंजने लघवी ओढून चौकोनांवर थेंब सोडते. अर्ध्या तासात तपासलेलं उत्तम. फ्रिजमध्ये ठेवली तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. फ्रिजच्या थंडाव्यात लघवीत नवे स्फटिकही तयार होतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला ताजाच नमुना न्यावा. प्रत्येक चौकोनाची वेळ वेगळी असते. घड्याळ लावूनच रंग वाचा.

आपल्याकडच्या पावसाळी हवेत बाटली उघडी राहिली की पट्ट्या बिघडतात. झाकण लगेच घट्ट लावा, आतली ओल शोषणारी पुडी काढू नका, पट्ट्या फ्रिजमध्येही ठेवू नका.

एक कळकळीची सूचना. बोका ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, तर पट्टी हातात घेऊ नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. रात्र असली तरी लगेच दवाखान्यात न्या.

ही बाटली संपली की गोट्यासाठी फक्त ग्लुकोज आणि कीटोन असे दोनच चौकोन असलेल्या पट्ट्या घेणार आहे. राणीची लघवी मात्र ठरावीक काळाने प्रयोगशाळेतच जाईल.