'माझ्या चेंबरला एक मत दे ना': पोर्टल २ खेळणाऱ्यांना असं गंडवतात

मेसेज अगदी साधा असतो. "अरे, माझं नवं चेंबर स्पर्धेत घेतलंय. एक मत दे ना, दोन मिनिटांचं काम आहे." चेंबर म्हणजे पोर्टल २ या खेळात खेळाडूने स्वतः बनवलेलं कोड्याचं दालन. पाठवणारा अनोळखी नसतो. वर्षभरापूर्वी ज्याच्याबरोबर को-ऑप, म्हणजे जोडीने, खेळलात आणि मग बोलणं राहून गेलं, त्याच मित्राच्या नावाने तो येतो. खाली लिंक. लिंकवर स्टीमसारखंच (खेळ विकत घ्यायची आणि खेळायची सेवा) गडद निळं पान, चेंबरचा फोटो, मतांचा वाढता आकडा आणि स्टीममधून साइन इन करण्याचं हिरवं बटण. ते दाबल्यापासून अकाउंट हातचं जायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

ही फसवणूक ओळखायची तर खरा रस्ता कसा आहे हे पक्कं माहीत हवं. पोर्टल २ हा खेळ एप्रिल २०११ मध्ये आला. त्यात खेळाडूंना स्वतःची कोडी बनवून वाटता येतील असं 'पर्पेच्युअल टेस्टिंग इनिशिएटिव्ह' हे फुकट अपडेट ८ मे २०१२ रोजी आलं. एडिटर खेळाच्या आतच आहे. भिंती ओढायच्या, बटण, क्यूब, लेझर मांडायचे, चेंबर खेळून बघायचं आणि तिथूनच प्रकाशित करायचं. ते स्टीम वर्कशॉपवर, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या गोष्टी वाटायच्या विभागात, चढतं. दुसऱ्याला खेळायचं असेल तर तो वर्कशॉपच्या पानावर 'सबस्क्राइब' दाबतो, फाइल स्टीम स्वतः उतरवतं आणि चेंबर खेळातल्या यादीत दिसू लागतं. मत द्यायचं तर अंगठा वर किंवा अंगठा खाली. तो वर्कशॉपच्या पानावर असतोच, शिवाय चेंबर सोडवून झाल्यावर खेळ स्वतःच विचारतो. म्हणजे बनवण्यापासून मत देण्यापर्यंत सगळं स्टीमच्या आत होतं. मधेच परक्या पानावर पासवर्ड टाकायची वेळ कुठेच येत नाही. आली, तर तिथून पुढचं सगळं बनावट समजायचं.

बाहेरच्या एखाद्या गटाने खरोखर स्पर्धा भरवली असेल, तरी चेंबर वर्कशॉपवर असतंच. मित्राला सांगायचं, "चेंबरचं नाव लिही, मी खेळातून शोधतो." खरा मित्र नाव सांगेल. भामटा म्हणेल की मत फक्त लिंकवरूनच धरलं जातं आणि वेळ रात्री बारापर्यंतच आहे.

मित्राचंच अकाउंट का वापरतात? स्टीमवर ५ डॉलरही खर्च न केलेलं अकाउंट मर्यादित असतं. त्यावरून कोणाला मैत्रीची विनंतीसुद्धा पाठवता येत नाही. त्यामुळे नवी अकाउंट उघडून हजारोंना मेसेज टाकणं परवडत नाही. चोरलेलं जुनं अकाउंट मिळालं की मित्रांची यादी आयती हातात येते. म्हणून "दहा वर्षं जुनं अकाउंट आहे, लेव्हलही मोठी आहे" या गोष्टीने कशाचीच खात्री पटत नाही. उलट तसंच अकाउंट त्यांना हवं असतं. आणि चेंबर बनवणारा माणूस या मेसेजला पटकन भुलतो, कारण त्याचं स्वतःचं चेंबरही लाखोंच्या ढिगात पडलेलं असतं आणि एकेका मताची किंमत त्याला ठाऊक असते. आज मी मत दिलं तर उद्या तो देईल, हा व्यवहार या मंडळींत रोजचाच आहे.

आता ते हिरवं बटण. दाबल्यावर छोटी खिडकी उघडते. वर कुलूप, शेजारी स्टीमकम्युनिटी डॉट कॉम, स्पेलिंग अक्षरशः बरोबर. इथे भलेभले फसतात, कारण पत्ता तपासायची सवय असते आणि पत्ता बरोबर दिसतो. पण ती खिडकी नसतेच. ते पानावरच काढलेलं खिडकीचं चित्र असतं. कुलूप, पत्ता, बंद करायची फुली, सगळं रंगवलेलं. खिडकी माउसने धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून बघा. खरी बाहेर येते, खोटी कडेला अडते. ब्राउझर मिनिमाइझ केला तर खोटी खिडकी त्याच्याबरोबर नाहीशी होते. मॅकवर असूनही खिडकीला विंडोजची फुली दिसली तर मग बोलायलाच नको. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल आणि तो स्वतःहून पासवर्ड भरत नसेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. त्याला चित्र दिसत नाही, खरा पत्ता दिसतो.

याहून सोपी कसोटी अशी: आधी दुसऱ्या टॅबमध्ये स्टीमकम्युनिटीचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे लॉगिन करा. मग त्या संशयित पानावरचं बटण दाबा. खरं पान तुमचं नाव आणि फोटो दाखवून फक्त 'साइन इन' विचारतं. लॉगिन असूनही पासवर्ड मागितला, की पान बंद करायचं.

चित्राची खिडकी न वापरणारे ठक पत्त्यात खेळ करतात. 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून लिहिले की मोबाइलच्या बारीक अक्षरांत फरक कळत नाही. कधी 'कम्युनिटी'तला एक 'एम' गाळतात, कधी 'कॉम'नंतर आडवी रेघ मारून पुढे भलतंच शेपूट जोडतात. डोमेन ओळखायचं असेल तर आधी 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या. त्यापुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येईल, तिच्या अगदी डाव्या हाताला काय आहे तेवढंच बघायचं. स्टीमच्या चॅटमध्ये आणि कमेंटमध्ये संशयास्पद लिंक झाकल्या जातात, बाहेरच्या लिंकवर इशाऱ्याचं पान येतं. म्हणूनच बरेच ठक आधी गप्पा मारून तुम्हाला डिस्कॉर्डवर (गप्पांचं वेगळं ॲप) नेतात आणि लिंक तिथे देतात. कुणी "इथे नको, डिस्कॉर्डवर ये" म्हणालं की कान टवकारायला हरकत नाही.

"माझ्याकडे स्टीम गार्ड आहे, मला काय होतंय" हे वाक्य फसलेल्यांच्या तोंडी हमखास असतं. गार्ड म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोड मागणारी जादा पायरी. तिचा पाच अक्षरांचा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, हे खरं. पण तुम्ही तो खोट्या पानावर टाकता, त्याच क्षणी पलीकडचा प्रोग्राम तोच कोड खऱ्या स्टीमवर टाकतो. त्याला ३० सेकंद पुष्कळ होतात. क्यूआर कोडची गंमत याहून वाईट. खोट्या पानावर दिसणारा क्यूआर खराच असतो, फक्त तो चोराच्या लॉगिनचा असतो. तुम्ही स्टीम ॲपने स्कॅन करून मंजुरी दिली, की दार तुम्ही स्वतःच्या हाताने उघडलंत. मंजुरीच्या पडद्यावर लॉगिन कुठून होतंय ते दिसतं. तुम्ही नाशिकमध्ये बसला आहात आणि तिथे भलताच देश दिसतोय, तर नकार द्या.

आत शिरल्यावर चोर लगेच गडबड करेलच असं नाही. कधी तो फक्त अकाउंटवर एक वेब एपीआय की (प्रोग्रामला तुमच्या अकाउंटवर काम करू देणारी किल्ली) तयार करून ठेवतो आणि गप्प बसतो. पोर्टल २ मधल्या रोबोंच्या टोप्यांत त्याला रस नसतो. पण त्याच अकाउंटवर काउंटर-स्ट्राइक खेळातल्या स्किन, म्हणजे शस्त्रांच्या सजावटी, असतात आणि त्यांची किंमत हजारांत जाऊ शकते. काही आठवड्यांनी तुम्ही खऱ्या मित्राला ट्रेड ऑफर, म्हणजे वस्तूंच्या देवघेवीचा प्रस्ताव, पाठवता. चोराचा प्रोग्राम लॉगिन आणि कीच्या जोरावर ती ऑफर रद्द करतो आणि त्या मित्राचंच नाव, तोच फोटो लावलेल्या दुसऱ्या अकाउंटला तशीच ऑफर टाकतो. फोनवर मंजुरी मागणारा पडदा येतो, नाव ओळखीचं, वस्तू त्याच. अंगठा आपोआप दाबला जातो. इथे नाव वाचून काहीच उपयोग नाही. समोरच्या अकाउंटची लेव्हल आणि ते कधी उघडलं हे मित्राच्या खऱ्या अकाउंटशी ताडून बघायचं. वस्तू गेल्या की स्टीम सपोर्ट त्या परत आणून देत नाही, हा त्यांचा जाहीर नियम आहे.

दुसरा प्रकार फाइलचा. "चेंबर अजून प्रकाशित केलेलं नाही, आधी तू खेळून सांग" म्हणून झिप येते आणि तिला पासवर्ड असतो. पासवर्ड का? कारण कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. आत डॉट ईएक्सई. पोर्टल २ च्या चेंबरला ईएक्सई लागतच नाही. एडिटरची फाइल डॉट पी२सी असते, नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता मजकूर दिसतो. तयार नकाशा डॉट बीएसपी असतो. एडिटरमध्ये जादा वस्तू आणणारी 'बीईई मॉड'सारखी साधनं हा खरा अपवाद, ती प्रोग्रामच आहेत. पण ती गिटहब या प्रोग्राम वाटायच्या साइटवरच्या मूळ पानावरून घ्यायची, चॅटमधल्या झिपमधून कधीही नाही. ही ईएक्सई एकदा चालली की ती ब्राउझरमधल्या कुकी आणि डिस्कॉर्डचं टोकन, म्हणजे लॉगिन चालू ठेवणाऱ्या खुणा, उचलते. म्हणजे चोराला तुमचा पासवर्ड लागत नाही आणि कोडही लागत नाही, तो तुमच्या चालू लॉगिनवर स्वार होतो. प्रकाशित न केलेलं चेंबर दाखवायची खरी सोय वर्कशॉपमध्येच आहे: दृश्यता 'फक्त मित्रांसाठी' ठेवायची.

तिसरा प्रकार धमकीचा. "चुकून मी तुझ्या चेंबरवर चोरीची तक्रार केली, आता तुझं अकाउंट बंद होईल, लवकर या व्हॉल्व्हच्या अधिकाऱ्याशी बोल." व्हॉल्व्ह म्हणजे स्टीम चालवणारी कंपनी. तो अधिकारी डिस्कॉर्डवर भेटतो, कसलं तरी प्रमाणपत्र दाखवतो आणि पडताळणीसाठी ईमेल बदलायला किंवा वॉलेट कोड (स्टीममध्ये पैसे भरायचं कूपन) घ्यायला सांगतो. व्हॉल्व्हची माणसं डिस्कॉर्डवर किंवा चॅटमध्ये येऊन अशी चौकशी करत नाहीत. पुढे वाचायचीही गरज नाही.

फसलाच असाल तर क्रम महत्त्वाचा आहे. ईएक्सई चालवली असेल तर त्या कॉम्प्युटरला हात लावू नका, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून सुरुवात करा. नाहीतर नवा पासवर्डही त्याच वाटेने जाईल. आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि तिथे मेल दुसरीकडे पाठवण्याचा एखादा नियम कुणी लावून ठेवलाय का ते बघा. मग स्टीमचा पासवर्ड. मग स्टीम गार्डच्या सेटिंगमधून सगळ्या उपकरणांची मंजुरी काढा. त्यानंतर वेब एपीआय कीचं पान उघडा. तुम्ही कधीच न बनवलेली की तिथे असेल तर रद्द करा. पासवर्ड बदलला म्हणून ती आपोआप जाईल असं धरून चालू नका, बरेच जण इथेच दुसऱ्यांदा लुटले जातात. ट्रेडची लिंकही नवी बनवा. शेवटी वर्कशॉपमधल्या स्वतःच्या प्रत्येक चेंबरचं वर्णन उघडून वाचा, त्यात कुणी लिंक घुसवली असेल तर ती तुमच्या नावाने पुढच्याला फसवत राहील.

लॉगिनच होत नसेल तर स्टीम सपोर्टला मालकीचा पुरावा द्यावा लागतो. त्या अकाउंटवर केलेल्या जुन्या खरेदीचा तपशील सगळ्यात कामी येतो, तेव्हा यूपीआयची किंवा कार्डाची जुनी नोंद शोधून ठेवा. पैसे गेले असतील, वॉलेट कोड विकत घेऊन दिले असतील, तर भारतात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवले तरच काही मिळण्याची आशा असते. तक्रारीसाठी चॅटचे स्क्रीनशॉट, त्या पानाचा पूर्ण पत्ता आणि पाठवणाऱ्याचा १७ आकडी स्टीम आयडी लागेल. प्रोफाइलचं नाव पुरत नाही, ते घटकेत बदलतं. आणि ज्या मित्राकडून मेसेज आला त्याला स्टीमवर नाही, फोनवर सांगा. स्टीमवर तुमचं उत्तर वाचणारा तो नसतो.