रात्रीचा बॅकअप आणि सर्व्हरवरचा भार: टार, आरसिंक की रेस्टिक?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेलचं युनिट असो की चाटी गल्लीतली कापडाची पेढी, लहान व्यवसायात सर्व्हर बहुधा एकच असतो. बिलिंग, स्टॉक, हजेरी, डिझाइनचे फोटो, सगळं त्यावरच. म्हणून बॅकअपची पद्धत ठरवताना कॉपी निघते की नाही एवढंच बघून भागत नाही. ती निघत असताना बिल करणारा माणूस स्क्रीनकडे बघत ताटकळतो का, हेही बघावं लागतं. आमच्या मते यात सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न असा: रोज डिस्कवरून किती डेटा वाचला जातो? त्याच कसोटीवर बॅकअपची साधनं, म्हणजे टार, आरसिंक आणि रेस्टिक, बघू.

हिशेबासाठी एक नमुना धरू. चार कोअर, 16 जीबी रॅम, रेड-1 मध्ये (दोन्हींवर तोच डेटा) 2 टीबीच्या दोन साटा हार्ड डिस्क, लिनक्स. मारियाडीबी या डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळा डेटा फाइलीत काढलेली प्रत, 12 जीबीचा, बाकी फाइली 240 जीबी, त्यांत रोज बदलणाऱ्या दोन-तीन जीबी.

रोज पूर्ण टार

टार सगळ्या फाइली एकाच मोठ्या फाइलीत बांधतो. समजायला ही पद्धत सगळ्यात सोपी, आणि परत मिळवायलाही: एक फाइल उघडली की काम झालं. पण भार सगळ्यात जास्त हिचाच. रोज 252 जीबी वाचायचे. सेकंदाला 100 एमबी वेग धरला तरी नुसतं वाचायला 42 मिनिटं. त्यावर जीझिप (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) लावला की तो एकाच कोअरवर चालतो, वेग 40 एमबीवर आला तर तेच काम पावणेदोन तासांवर जातं. आणि फोटो, पीडीएफ आधीच दाबलेले असतात, त्यांना पुन्हा दाबून जागा जवळजवळ वाचत नाही, फक्त प्रोसेसर तापतो. जीझिप ऐवजी झेडस्टँडर्ड वापरा, किंवा फोटोंसाठी कॉम्प्रेशन बंदच ठेवा. चौदा दिवसांच्या प्रती ठेवायच्या तर सुमारे साडेतीन टीबी जागा लागते.

डेटा 20-30 जीबीच्या आत असेल तर मात्र टार घ्या आणि पुढचा गुंता टाळा.

आरसिंक, हार्डलिंकसह

आरसिंक फक्त बदललेल्या फाइली कॉपी करतो. त्याला लिंक-डेस्ट पर्याय दिला की न बदललेल्या फाइलीची नवी प्रत होत नाही, जुन्या प्रतीलाच दुवा, म्हणजे हार्डलिंक, जोडला जातो. रोजचं फोल्डर पूर्ण दिसतं, जागा मात्र फक्त बदलाची लागते. कोणीही फोल्डर उघडून हवी ती फाइल उचलू शकतो, हा मोठा फायदा.

अडचण लहान फाइलींची. पाच-सहा लाख स्कॅन केलेली बिलं असतील तर आरसिंकला प्रत्येकीची तारीख आणि आकार तपासावा लागतो. हार्ड डिस्कचं डोकं सेकंदाला शंभरेक ठिकाणीच उड्या मारू शकतं, त्यामुळे कॉपी दोन जीबीची असली तरी तपासणीतच वेळ जातो. दुसरं, डेटाबेसचा डंप रोज बदलतो, म्हणून तो दरवेळी अख्खा साठतो: चौदा दिवसांचे 168 जीबी. कोणी फोल्डरचं नाव बदललं तर त्यातलं सगळं नव्याने कॉपी होतं. आणि चौदा फोल्डरांत दिसणारी न बदललेली फाइल डिस्कवर एकच असते. तिथला सेक्टर खराब झाला तर चौदाही प्रती गेल्या.

रेस्टिक किंवा बोर्ग

हे दोन्ही फाइलीचे तुकडे करून सारखे तुकडे एकदाच साठवतात. पहिला बॅकअप तासन्‌तास चालतो, पण नंतर बदललेल्या फाइलीच वाचल्या जातात. नमुन्यात तो आकडा डंप धरून 15 जीबीच्या आसपास, टारच्या 252 जीबीसमोर. नमुन्यासारख्या सर्व्हरसाठी आमची शिफारस हीच.

इथे एक चूक फार होते. डंप आधी जीझिप करून मग रेस्टिकला दिला जातो. दाबलेल्या फाइलीत सुरुवातीचा थोडासा बदलही पुढचे सगळे बाइट बदलून टाकतो, मग सारखे तुकडे सापडतच नाहीत. डंप न दाबता द्या. रेस्टिक 0.14 पासून कॉम्प्रेशन स्वतःच करतो, बोर्ग तर आधीपासून करतो. फाइलींचा मार्गही रोज तोच ठेवा. तारखेच्या नावाच्या फोल्डरातून बॅकअप घेतला तर त्याला सगळं नवं वाटतं आणि पुन्हा 240 जीबी वाचले जातात.

जुन्या प्रती छाटण्याचं काम, म्हणजे प्रून, जड असतं. ते रोज नको, आठवड्यातून एकदा सुट्टीच्या दिवशी. मध्येच लाइट गेली तर लॉक, म्हणजे बॅकअप चालू असल्याची खूण, तसाच राहू शकतो. दुसरा बॅकअप चालू नाही याची खात्री करून रेस्टिकमध्ये अनलॉक, बोर्गमध्ये ब्रेक-लॉक चालवायचं. पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो हरवला तर बॅकअप कोणालाच उघडता येत नाही.

एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, या रांगेत बसत नाही, कारण तो त्याच डिस्कवर असतो. कॉपी चालू असताना डेटा स्थिर धरायला तो चांगला. पण तो असेपर्यंत लिहिण्याचा वेग घटतो, आणि त्याला दिलेली जागा भरली की तो बाद होतो. काम झालं की लगेच काढा.

भार कसा ओळखायचा, कसा आवरायचा

बॅकअप चालू असताना टॉप ही आज्ञा चालवली तर लोड (चालू किंवा वाट बघत असलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) 9 दिसतो, पण प्रोसेसर बराचसा मोकळा असतो आणि वेटिंगचा आकडा, डब्ल्यूए, 60 च्या वर. लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कची वाट बघत थांबलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात, म्हणून हे होतं. अशा वेळी जादा कोअर घेऊन फरक पडत नाही, अडलंय ते डिस्कपाशी. डिस्कचा भार दाखवणारी आयओस्टॅट आज्ञा पाच-पाच सेकंदांनी चालवा आणि अवेट, म्हणजे डिस्ककडून उत्तर यायला लागणारा वेळ, बघा. एरवी 10 मिलिसेकंद असणारा आकडा 200 वर गेला तर बिलिंग अडखळणारच.

डिस्कच्या वापरात बॅकअपला मागे ठेवणारा आयोनाइस लावला म्हणून निर्धास्त राहू नका. त्याचा आयडल वर्ग, म्हणजे डिस्क मोकळी असेल तेव्हाच वाचू देणं, नीट पाळला जातो तो बीएफक्यू शेड्युलरवर (शेड्युलर म्हणजे डिस्कच्या कामांची रांग लावणारा भाग). शेड्युलर 'नन' असेल, जसा एनव्हीएमई एसएसडीवर बहुधा असतो, तर तो कसलीही चूक न दाखवता निष्फळ ठरतो. त्यापेक्षा लिनक्सवर कामं सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिसमध्ये वाचण्याची कमाल मर्यादा सेकंदाला 40 एमबी बांधून देणं भरवशाचं.

डेटाबेसच्या डंपला मात्र हे काहीच लागू पडत नाही. डंपची आज्ञा कितीही नाइस केली, म्हणजे मागे ठेवली, तरी डिस्क वाचतो तो डेटाबेसचा मूळ सर्व्हर. डंपचं आउटपुट वेगावर मर्यादा घालणाऱ्या पीव्हीमधून सेकंदाला 10 एमबीने सोडा, म्हणजे मागचं वाचनही आपोआप मंदावतं. 12 जीबीला 20 मिनिटं लागतात. सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय हवाच, नाहीतर तेवढा वेळ टेबलं लॉक राहतील. तो फक्त इनोडीबी टेबलांना लागू पडतो, जुन्या मायआयसॅम टेबलांना नाही.

वेळ ठरवताना 'रात्री कोण काम करतंय' असं गृहीत धरू नका. चाटी गल्लीतल्या पेढीला रात्री दोनची वेळ ठीक. रात्रपाळीचे माग चालतात तिथे पाळी बदलायच्या आधी-नंतरचा तास सोडा, कारण हजेरी आणि उत्पादनाच्या नोंदी तेव्हाच पडतात. रुग्णालयाला मोकळी वेळ अशी नसतेच, तिथे दुसऱ्या मशीनवर रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची सतत जुळत राहणारी प्रत, ठेवून डंप तिच्यावरूनच घ्यावा. डेबियन-उबंटूवर सॉफ्टवेअर रेड असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे एकच्या सुमारास रेडची तपासणी सुरू होते आणि तासन्‌तास चालते. त्या दिवशी बॅकअपला उशीर होणारच. आदल्या दिवशीचा बॅकअप संपला नसताना नवा सुरू होऊ नये म्हणून आज्ञेला एफलॉक लावा.

लाइट जाण्याचा विचार वेगळा. सिस्टमडी टायमरला पर्सिस्टंट लावलं तर चुकलेला बॅकअप सर्व्हर चालू होताच सुरू होतो, म्हणजे सकाळी दहाला, नेमकं दुकान उघडताना. वर सांगितलेली मर्यादा बांधलेली असेल तरच ते लावा.

मे महिन्यात पारा 43-44 वर असतो आणि पत्र्याच्या माळ्यावरचा सर्व्हर रात्रीही निवत नाही. बऱ्याच हार्ड डिस्कची कमाल मर्यादा 60 अंश असते. स्मार्टसीटीएलने तापमान बघा. 50 च्या पुढे जात असेल तर वेळ पहाटे चारवर न्या.

आता परत मिळवण्याचा हिशेब. 100 एमबीपीएस लाइनवर क्लाउडमधून 240 जीबी उतरवायला किमान 5 तास 20 मिनिटं, जवळच्या यूएसबी डिस्कवरून पाऊण तास. म्हणून रेस्टिकची एक प्रत यूएसबीवर आणि एक बाहेर. यूएसबी डिस्क काम झालं की काढून ठेवा, रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला तर जोडलेली डिस्कही तो सोडत नाही. महिन्यातून एकदा डंप दुसऱ्या मशीनवर चढवा आणि कालचं शेवटचं बिल त्यात दिसतंय का, ते नंबर बघून तपासा.