देवगडच्या हवेत तुंग तेलाची गिटार: एक पावसाळा उलटल्यावर

जुना रंग काढून इलेक्ट्रिक गिटारला तुंग तेल (तुंग झाडाच्या बियांचं, लाकडाला लावायचं तेल) दिलं होतं. आधी निकाल सांगतो. फिनिश टिकलं. पांढरं पडलं नाही, चिकट झालं नाही, बुरशी धरली नाही. तक्रारी आहेत, त्या पुढे येतील.

गिटार स्वस्तातली, स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध गिटारच्या) आकाराची, काळी चकचकीत. घर समुद्राला लागून, त्यामुळे ब्रिजचे (बॉडीवर तारा अडकतात त्या पट्टीचे) स्क्रू गंजलेलेच होते. रंग काढायला थंडीत घेतली. कोकणात हे काम दिवाळी ते होळी एवढ्यातच उरकावं.

खरी मेहनत रंग काढण्यात आहे. अशा गिटारींवर बहुतेकदा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा (पीयू) जाड थर असतो. हार्डवेअरच्या दुकानातलं पेंट रिमूव्हर चोपडून कितीही वाट बघा, थर ढिम्म. हीट गननं मात्र तो मऊ पडून फुगतो आणि पत्र्यानं खरवडला की मोठमोठे पापुद्रे सुटतात. गन एका जागी धरली तर लाकूड करपतं, हात सतत फिरता हवा. रंग गेला म्हणून हुश्श करू नका. खाली लाकडाची छिद्रं बुजवणारा, काचेसारखा पारदर्शक सीलर असतो, आणि तो राहिला तर स्टेनर (लाकडात मुरणारा रंग) मुरत नाही, नुसते डाग दिसतात. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात, मग १२०, १८०, २४०, ३२०. मास्क लावून, तेही अंगणात. पडवीत घासाल तर घरच्यांचं बोलणं खाल. नेक (गिटारचा दांडा) बसतो त्या खाचेला पेपर अजिबात लावू नका, तिथे लाकूड कमी झालं की नेक डुगडुगतो.

रंगाखाली काय निघेल हा जुगारच. माझ्या वाट्याला पॉपलर लाकडाचे तीन तुकडे जोडलेली बॉडी आली, मधल्या तुकड्यात हिरवट पट्टा. लाकडाचा मूळ रंग ठेवायचा बेत तिथेच बारगळला, गडद अक्रोडी स्टेनर दिला. जोड जवळून दिसतो. मला चालतो.

आमचे पॉलिशवाले म्हणाले, ‘‘लॅकर मारून देतो, चकाचक होईल.’’ होईल, पण हवा कोरडी असेपर्यंत. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि लॅकरवर पांढुरकी झाक येते. अळशीचं तेल स्वस्त, पण आपल्याकडच्या पावसात त्यावर बुरशी लवकर येते. म्हणून तुंग तेल. फडक्यानं पातळ हात द्यायचा, उरलेलं पुसायचं, पूर्ण सुकलं की हलका पेपर मारून पुढचा हात. शुद्ध तुंग तेल सुकायला भलताच वेळ घेतं, उतावळ्या माणसानं या वाटेला जाऊ नये. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा: तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. अशी तेलं सुकताना तापतात, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर दोरीवर मोकळी पसरा.

आता तक्रारी. गणपतीत रोज रात्री मंडपात वाजवली, घामानं कोपराखालची कड काळपट झाली. पॉपलर मऊ आणि वर कवच नाही, त्यामुळे नखाचासुद्धा वळ उठतो. दसऱ्यानंतर तेलाचा एक हात दिला, बारीक ओरखडे बरेच बुजले. पॉलिएस्टर-पीयूच्या जाड थरावर हे जमत नाही. घामेजलेला हातही आता चिकटत नाही, आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

तेलानं दमटपणा अडत नाही. आषाढात व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) खरखरायला लागला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा लागला. स्क्रू स्टेनलेसचे घातले ते अजून स्वच्छ आहेत. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. आवाजात मला काडीचा फरक ऐकू आला नाही. रंग काढून टोन सुधारतो म्हणणाऱ्यांनी आधी तारा बदलून बघाव्यात.

आता बहिणीची बास गिटार रांगेत आहे. तिच्यावर मात्र पीयूच मारून घेणार, कारण बहीण दर रविवारी एसटीनं कणकवलीला सरावाला जाते आणि बास ठेवते सामानाच्या रॅकवर.