‘अलेग्रो’चं संपूर्ण ध्वनिमुद्रण: काही महिने ऐकल्यानंतर

गेल्या आठवड्यात गाण्यांच्या ॲपकडून निरोप आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ निकाली काहीही निघालेलं नाही, म्हणून हा अनुभव इथे सविस्तर लिहितो.

संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन या अमेरिकन जोडीच्या ‘अलेग्रो’ या संगीत नाटकाचं 2009 साली निघालेलं पहिलं संपूर्ण ध्वनिमुद्रण मी या ॲपवर पैसे भरून ऐकत होतो. आवाज स्वच्छ, वाद्यवृंद भरघोस, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकाही गाण्याखाली गाणाऱ्याचं नाव नाही. सगळीकडे संगीतकार आणि गीतकाराची तीच जोडी. मी विचारलं, तर ‘कंपनीकडून आलेली माहितीच आम्ही दाखवतो’ असं साचेबंद उत्तर आलं. पुन्हा विचारल्यावर तक्रारच बंद.

एवढ्याशा गोष्टीवर इतकं का अडायचं, असं कुणी म्हणेल. इतर नाटकांत कदाचित चालून जाईल. ‘अलेग्रो’त नाही. हे नाटक उभंच आहे बोलणाऱ्यांच्या गर्दीवर. जोसेफ टेलर ज्युनियर नावाचा मुलगा 1905 साली एका छोट्या गावात डॉक्टरच्या घरी जन्माला येतो आणि समूह, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-बोलणाऱ्या नटांचा कोरस, त्याच्याबद्दल आपल्याशी बोलायला लागतो. समूह त्याच्याशीही बोलतो, त्याच्या मनातलंही बोलतो. मग आजी, आई, वडील, पुढे बायको जेनी. पहिला अंक त्याच्या लग्नापर्यंत जातो, दुसऱ्यात तो शिकागोत श्रीमंतांचा डॉक्टर होतो. नुसतं कानाने ऐकताना हा आवाज आजीचा की आईचा, की समूहातल्या कुणाचा, हे कळलं नाही तर अर्धं नाटक हातातून जातं.

आणि आजी कोण आहे? मार्नी निक्सन! ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करसाठी, ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वुडसाठी, ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नसाठी जिने गायलं आणि पडद्यावर जिचं नाव आलं नाही, तीच ही बाई. इथे ती स्वतःच्या नावाने, स्वतःची भूमिका गाते. ‘आय नो इट कॅन हॅपन अगेन’मध्ये पाळण्यातल्या नातवाकडे बघणारी आजी आहे. आवाजाला वय आहे, पण प्रत्येक शब्द जागेवर. आणि या ॲपने तिचं नाव पुन्हा गाळलं. याचा मला अजून राग येतो. 1949 साली ‘महल’च्या रेकॉर्डवर लताबाईंच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं, हे आपल्याला अजून सलतं ना? तसंच आहे हे. 1902 सालच्या रेकॉर्डवर गोहरजान शेवटी स्वतःचं नाव पुकारतात. आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवसांत जे जमलं, ते आज महिन्याला पैसे घेणाऱ्यांना जमत नाही.

शेवटी परदेशातून वापरलेला सीडी-संच मागवला. जीव कचरला, कारण टपालखर्च आणि कस्टम मिळून संचाच्या किमतीच्या वर गेले. वर लॅपटॉपला सीडी लागत नाही म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्यावा लागला. विक्रेत्याने ‘उत्तम स्थिती’ लिहिलं होतं, आलेल्या डबीच्या दोन्ही बिजागऱ्या तुटलेल्या. पण आतली पुस्तिका शाबूत होती, आणि मी पैसे त्या पुस्तिकेचेच मोजले होते. ती समोर ठेवून ऐकायला लागलो आणि माझी बरीच मतं बदलली.

आधी वाटायचं की ‘द जंटलमन इज अ डोप’ तेवढं ठेवावं, बाकी अभ्यासकांसाठी आहे. परिचारिका एमिलीचं हे गाणं लिझ कॅलवे झकास गाते, त्यात वाद नाही. पण आता मी ते क्वचित लावतो. परत परत लावतो तो पहिल्या अंकाचा सुरुवातीचा भाग, बाळ पहिलं पाऊल टाकतं तिथला, ‘वन फूट, अदर फूट’चा. समूह त्याला चालायला लावतो, ताल बाळाच्या पावलासारखा अडखळतो आणि मग सावरतो. नेथन गनबद्दलही तसंच. वडिलांच्या भूमिकेत त्याचा ऑपेराचा आवाज सुरुवातीला फार मोठा वाटायचा. ‘अ फेलो नीड्स अ गर्ल’ आता मला दुसऱ्या कुणाच्या आवाजात नको. आईच्या भूमिकेतली ऑड्रा मॅकडोनल्ड तर दुसऱ्या अंकात, आई मेल्यानंतर, ‘कम होम’ गाते तेव्हा घरातलं कुणी बोललेलं मला चालत नाही.

दुसरा अंक मात्र अजूनही लंगडाच वाटतो. शिकागोतल्या पार्ट्यांची थट्टा करणारं ‘यताता’ एकदा गंमत देतं, मग कंटाळा. नायक पॅट्रिक विल्सन चांगला गातो, पण त्या अंकात त्याला करायला फारसं काही लिहिलेलंच नाही. 10 ऑक्टोबर 1947 ला न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये उघडलेलं हे नाटक 315 प्रयोगांत आटोपलं, याच जोडीचं आधीचं ‘ओक्लाहोमा!’ 2,212 प्रयोग चाललं होतं. फरक का पडला, हे दुसरी डिस्क ऐकताना समजतं.

पण विस्मरणात जाण्याचं खापर मी सगळं नाटकावर फोडणार नाही. मूळ नटसंचाचं ध्वनिमुद्रण मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर झालं. एका बाजूला तीन-चार मिनिटं. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास नाटक उरलं. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, बाजारात आली जून 1948 मध्ये, म्हणजे यांचं दुर्दैव काही महिन्यांचं. गाणी वाचली, पण त्यांना बांधणारे समूहाचे तुकडे, गाण्याखालचे संवाद, नाचाचं संगीत हे बरंचसं गेलं. अ‍ॅग्नेस द मिलने नृत्यांसह सगळं बसवलेल्या नाटकात नाचाचं संगीत गेलं म्हणजे काय उरलं? पुढच्या पिढ्यांनी त्या अर्ध्या तासावरून निकाल दिला. आपल्या संगीत नाटकांच्या रसिकाला हे वेगळं सांगायला नको. बालगंधर्वांचं पद रंगमंचावर वन्समोअर घेत किती रंगायचं आणि तबकडीत किती मावलं! आपल्याकडे पदं टिकली, पण ‘सौभद्र’, ‘स्वयंवर’ हे नांदीपासून भरतवाक्यापर्यंत, गद्यासकट, पूर्ण वाद्यमेळासह आजच्या चांगल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेलं मला हवं आहे. गाणाऱ्या प्रत्येकाच्या आणि ऑर्गन-तबला वाजवणाऱ्यांच्याही नावानिशी. ‘अलेग्रो’साठी कुणीतरी ही मेहनत केली. आपली नाटकं तिला कमी लायक नाहीत.

घेण्याबद्दल विचाराल तर, नुसती चव बघायची असेल तर ॲपवर पहिला अंक ऐका, तेवढ्यासाठी सीडीचा खर्च करू नका. आवडला तर वापरलेला संच शोधा, पण पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून पुस्तिकेच्या आतल्या पानांचा फोटो मागून घ्या. डबी तुटकी असली तरी चालेल, ती इथे कुठेही मिळते. फोटो देत नसेल तर त्या विक्रेत्याचा नाद सोडा.