नवमीला विकलेली ओहोटी

समुद्री उद्यानात ओहोटीला पाणी उतरलं की प्रवाळ उघडं पडतं, चालत चालत समुद्रफुलं, स्टारफिश, नशीब असेल तर ऑक्टोपसही दिसतो, एवढं ऐकून आम्ही तिघं निघालो होतो. किनाऱ्याच्या अलीकडेच एजंटने गाठलं. गळ्यात ओळखपत्र, हातात शिक्क्याचा कागद. "परवानगीच्या खिडकीवर कशाला रांग लावताय दादा? प्रवेश, होडी, गाइड, सगळं माझ्याकडे." मी पैसे पाठवले. पावती मागितली तर म्हणे, "मोबाइलवर मेसेज आला ना, तीच पावती." तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

खरी मेख पुढेच होती. त्या दिवशी नवमी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. अष्टमी-नवमीला सूर्य आणि चंद्राची ओढ काटकोनात पडते, मग भांगाची भरती. पाणी जेमतेम हलतं. म्हणजे खडक उघडे पडणारच नव्हते. होडीतून उतरून आम्ही तासभर उभे राहिलो, पाणी मांडीखाली जाईना, तेही गढूळ. गाइड म्हणून दिलेल्या पोराने शेवटी एक दगड उलटून खेकडा दाखवला. वर म्हणतो, "निसर्ग आहे साहेब, त्याच्यापुढे कुणाचं चालतं?" अरे, भरती-ओहोटीच्या वेळा कितीतरी आधी छापून येतात! समुद्राने नाही फसवलं, तुझ्या मालकाने फसवलं.

आमची समजूत काढायला त्याने पिशवीतून प्रवाळाचा एक तुकडा काढून दिला, आठवण म्हणून. आणि मी (सांगायला लाज वाटते) तो खिशात घातला.

परतताना रखवालदाराने अडवलं. आमच्या परवान्यावर बोट ठेवून त्याने नुसती तारीख दाखवली: बारा दिवसांपूर्वीची. खाली पाच अनोळखी नावं, होडीचा क्रमांकही दुसराच. जुन्या परवान्याची झेरॉक्स! मग खिसे तपासले. संरक्षित हद्दीतून मेलेलं प्रवाळसुद्धा उचलायचं नसतं, हे त्याने मला माझ्या मुलीसमोर ऐकवलं. तुकडा जप्त झाला, दंड मीच भरला. एजंटचा फोन तोवर बंद.

तेव्हा कुणी जाणार असाल तर तिथी आधी बघा. परवान्यावर स्वतःचं नाव, त्याच दिवसाची तारीख आणि ज्या होडीत बसताय तिचाच क्रमांक आहे ना, हे पैसे द्यायच्या आधी वाचा.

निघताना ती परवानगीची खिडकी दिसली. रांग नव्हतीच. काचेवर आठवड्याच्या ओहोटीच्या वेळा लावलेल्या, आणि त्या दिवसापुढे पेनने लिहिलेलं: 'पायी फेरी बंद'.