एफ१ दाबलं जाईना म्हणून ७,१०० रुपये गेले

लालबागला घरातल्याच एका खोलीत मी डीटीपीची कामं घेते. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तकं. कॉम्प्युटर जुना आहे, एक्सपीवाला, आणि तो हौसेने ठेवलेला नाही. पेजमेकर आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या इतक्या वर्षांच्या फाइली त्याच्यावरच जशाच्या तशा उघडतात. हे आधीच सांगते, कारण "नवीन का नाही घेतलास" हे ऐकून कान किटलेत.

दिवाळीत गावाला जाताना मेन स्विच बंद केला होता. परत येऊन कॉम्प्युटर लावला तर काळ्या स्क्रीनवर सीमॉस चेकसम एरर (जपून ठेवलेली मूळ सेटिंग बिघडल्याची सूचना), आणि खाली, पुढे जायला एफ१ दाबा. दाबलं, काही नाही. नम लॉकचा दिवासुद्धा लागेना. तुळशीचं लग्न तोंडावर, पत्रिकांची प्रुफं अडकलेली, आणि हार्डवेअरमधलं कळणारा माझा भाचा अजून गावालाच. म्हणून नेटवर घरपोच दुरुस्तीवाला शोधला आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. अशा वेळी कोणीही तेच केलं असतं.

माणूस तासाभरात आला. गळ्यात ओळखपत्र, "ताई, टेन्शन घेऊ नका." त्याने स्वतःचा यूएसबी कीबोर्ड लावला, तोही चालला नाही. मग बॅगेतून दुसरा कीबोर्ड अर्धा बाहेर काढला, जुन्या पद्धतीचा, गोल जांभळ्या पिनेचा. माझ्या सीपीयूच्या मागे त्याच जांभळ्या रंगाचं पोर्ट रिकामं होतं. तो वाकला, पोर्ट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कीबोर्ड परत आत ढकलून चेन लावली. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं! तो कीबोर्ड लावला असता तर एफ१ तिथल्या तिथे चाललं असतं आणि त्याची कमाई व्हिजिटच्या पैशांवर थांबली असती. "तो का नाही लावत?" एवढंच विचारायचं होतं. तेवढ्यात पत्रिकावाल्यांचा फोन वाजला आणि हा म्हणाला, "साउथ ब्रिज गेलाय, बोर्ड न्यावा लागेल." साउथ ब्रिज म्हणजे मदरबोर्डवरची एक मोठी चिप. आजही रात्री तो चेन लावतानाचा हात आठवतो आणि डोकं फिरतं.

व्हिजिटचे ३५०. बोर्डाच्या चिपचे ३,८००. मग फोन आला की एसएमपीएसही (आतला वीज पुरवणारा डबा) जळालाय, त्याचे १,४५०. डेटा वाचवायचे १,५००. एकूण ७,१००, सगळे यूपीआयने. पावती म्हणून वहीचं फाडलेलं पान, त्यावर "बोर्ड रिपेअर" आणि एक गिचमिड सही. दुकानाचा पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही.

भाचा आल्यावर त्याने कॅबिनेट उघडलं. एसएमपीएसवर माझ्या जुन्या दुकानदाराचं २०१३ चं वॉरंटी स्टिकर जसंच्या तसं. 'बदललेल्या' चिपवर बोट फिरवलं तर काळं झालं, इतकी धूळ. नवा होता फक्त नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो आमच्याकडे ४० रुपयांना मिळतो.

सेल संपला की बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंग पुसली जातात. माझ्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये यूएसबी लेगसी सपोर्ट बंद असतो, त्यामुळे विंडोज सुरू होण्याआधी यूएसबी कीबोर्ड ओळखलाच जात नाही. त्या माणसाने सेल घातला, ते एक सेटिंग चालू केलं, बस. दिवाळीआधी घड्याळ सारखं मागे पडत होतं, ते त्या सेलमुळेच. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरची तारीख चुकायला लागली तर सेल आजच बदला.

चौकीवर गेले तर "बाई, तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, हा आपापसातला व्यवहार, ग्राहक मंचात जा." भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? मग न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? साधा अर्जसुद्धा घेतला नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, हे सायबर फसवणुकीत बसत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, आणि मग समोरच्याकडून उत्तर नाही, जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) जा असा निरोप. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, हे खरं. पण तिथे आधी विचारतात समोरच्याचा पत्ता. पत्ता असता तर मी स्वतःच त्याच्या दारात उभी राहिले नसते का? त्या माणसाचा नंबर आणि यूपीआय आयडी तक्रार घेणाऱ्यांकडे आहे, माणूस शोधायचं काम मात्र माझं!

सीपीयू घराबाहेर जाऊ देऊ नका. द्यावाच लागला तर आधी बोर्ड आणि एसएमपीएसचे सीरियल नंबर दिसतील असे फोटो काढा, आणि "बदललेला जुना पार्ट परत द्या" हे आधीच सांगा. गोल पिनेचा कीबोर्ड घरात एक ठेवा, आणि तो कॉम्प्युटर बंद असतानाच लावा. "साउथ ब्रिज" हा शब्द ऐकला की दुसऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. छापील बिल नाही तर पैसे नाहीत.

तो नंबर आजही नेटवर सगळ्यात वर येतो, फक्त दुकानाचं नाव बदललंय. परळ, लालबाग, करी रोडकडे कोणाला असाच अनुभव आला असेल तर पावती आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. आयोगात एकत्र जाऊ.